चर्चच्या जुन्या कुंपणभिंतीसाठी वर्गणी

प्रश्न : आमच्या धर्मग्रामातील पोर्तुगीजकालीन चर्चची दगडी कुंपणभिंत पावसाळ्यात एका बाजूने ढासळली. गावातील कुटुंबांकडून आणि परदेशी स्थायिक झालेल्या नातलगांकडून वर्गणी गोळा करताना कोणती काळजी घ्यावी?
– एक वाचक, वसई

उत्तर : पावतीपुस्तके छापण्याआधी जुन्या बांधकामाची जाण असलेल्या अभियंत्याकडून अंदाजपत्रक करून घ्यावे, कारण चुन्यात बांधलेल्या भिंतीला सिमेंटचा गिलावा केल्यास आत मुरलेले पाणी सहज बाहेर पडत नाही आणि स्वस्त वाटलेली डागडुजी पुढे महागात पडते. जागा वसई किल्ल्यासारख्या केंद्रीय संरक्षित स्मारकापासून १०० मीटरच्या आत असेल, तर दुरुस्तीसाठीही पूर्वपरवानगी लागते.

वर्गणी कोणा एकाच्या, अगदी फादरांच्याही, वैयक्तिक खात्यात न घेता चर्चच्या नोंदणीकृत न्यासाच्या खात्यात जमा करावी.

खरी गुंतागुंत परदेशातील नातलगांची आहे. आखातात नोकरी करणाऱ्या, भारतीय पासपोर्ट असलेल्या माणसाने स्वतःच्या कमाईतून दिलेली देणगी विदेशी मानली जात नाही; मात्र कॅनडाचे नागरिकत्व घेतलेला सख्खा भाऊ विदेशी देणगीदार ठरतो, आणि विदेशी अंशदान (विनियमन) अधिनियम, २०१० खालील नोंदणी किंवा पूर्वपरवानगी असल्याशिवाय न्यासाला त्याचे पैसे स्वीकारता येत नाहीत. (भावाला हे समजावणे कायद्यापेक्षा कठीण, याची कल्पना आहे.)

आयकरात सवलत मिळेल, असे आश्वासन मात्र सरसकट देऊ नये. प्रार्थनास्थळाच्या दुरुस्तीसाठीची सवलत केंद्र सरकारने राजपत्रात अधिसूचित केलेल्या वास्तूंपुरतीच आहे.