मैसूरची गाडी आणि बाबांपासून लपवलेलं कॉल लेटर

‘ताई, वय २४, राहणार कर्वेनगर. भूगोलात एम.एस्सी. केलं, आता उपग्रह-चित्रांवरून नकाशे बनवणाऱ्या एका कंपनीत आहे. लहानपणी लोहगावला मामाकडे गेलं आणि डोक्यावरून सुखोई गेलं, की मी ताट सोडून गच्चीवर पळायचे. हवाई दलात इंटेलिजन्स ऑफिसर व्हायचं, हे तेव्हापासून डोक्यात आहे. एएफकॅट, म्हणजे हवाई दलाच्या अधिकारी-भरतीची परीक्षा, पास झाले. आता एएफएसबीच्या, म्हणजे हवाई दलाच्या निवड मंडळाच्या, मुलाखतीसाठी मैसूरचं कॉल लेटर आलंय आणि घरी कुणालाच माहीत नाही. बाबा बँकेतून निवृत्त झालेत. मागे एकदा विषय काढला तर म्हणाले, “गुप्तहेरगिरी करायला शिकवलं का तुला?” म्हणून ऑफिसचं ट्रेनिंग आहे असं सांगून जायचं ठरवलंय. दुसरं म्हणजे लग्न. एका मुलाला चार वेळा भेटलेय, आम्ही दोघं एकमेकांना पसंत आहोत, दिवाळीनंतर साखरपुडा करू असं दोन्ही घरचे म्हणतायत. त्याला मी सगळं सांगितलं. तो चिडला नाही, पण म्हणाला, “म्हणजे तू दिवसभर काय करतेस हे मला कधीच कळणार नाही?” मला उत्तर देता आलं नाही. माझं चुकतंय का?’

चि. अ. हिस अनेक आशीर्वाद.

तुझ्या पत्रातलं त्या मुलाचं वाक्य मी दोनतीनदा वाचलं. माझ्या वहिनीने हाच प्रश्न माझ्या थोरल्या भावाला विचारला होता, अगदी याच शब्दांत. त्याच्याकडे येतेच. आधी बाबांच्या ‘गुप्तहेरगिरी’बद्दल.

माझा दादा हवाई दलात जमिनीवरच्या शाखेतून गेला आणि काही वर्षांनी इंटेलिजन्सच्या कामावर त्याची नेमणूक झाली. त्या कामाचं शिक्षण देणारी शाळा आपल्या पुण्यातच, लोहगावला आहे. तो कोर्सला आला तेव्हा घरापासून तासाभराच्या अंतरावर होता, आणि आईला वाटायचं, हा आता टोपी आणि काळा चष्मा घालून फिरणार. तसलं काही नसतं गं. वेष पालटून परदेशात जाणारी माणसं वेगळ्या खात्यांची. हवाई दलातला इंटेलिजन्स ऑफिसर गणवेशात असतो, तळावर असतो आणि त्याचा बराचसा दिवस टेबलाशी जातो. वैमानिक उड्डाणाला निघण्याआधी त्यांना सांगायचं, की समोरच्याचे रडार कुठे आहेत, क्षेपणास्त्रं कुठे मांडली आहेत, कालच्यापेक्षा आज काय बदललंय. ते परत आले की त्यांच्यासमोर बसून विचारायचं, काय दिसलं, कुठे दिसलं, किती वाजता. मग ते सगळं उपग्रहाच्या, ड्रोनच्या चित्रांशी आणि पकडलेल्या संदेशांशी ताडून बघायचं, लिहायचं आणि वर पाठवायचं. जीवाचा धोका त्यात नाहीच असं मी म्हणणार नाही, युद्धात तळांवरही बॉम्ब पडतात. पण रोजचं काम म्हणजे बघणं आणि बघितलेलं नेमकं सांगणं.

तुला हे बघणं आवडेल की नाही, हे एका छोट्या गोष्टीवरून कळेल. फोनवर सिंहगडाचं उपग्रह-चित्र उघड आणि ऑटो-रोटेट बंद करून फोन उलटा धर. मला हे दादाने एकदा दोन हवाई फोटो हातात देऊन शिकवलं होतं. सावली आपल्याकडे पडेल असाच फोटो धरायचा, नाहीतर डोळा फसतो आणि डोंगर खड्डा दिसतो, दरी टेकडी दिसते. मी तो फोटो चारपाच वेळा फिरवून बघितला. एका बाजूने धरला की गडाची सोंड वर आलेली, फिरवला की तीच घळ. फोटो तोच, फक्त धरायची दिशा बदललेली. तुला कामामुळे हे माहीतही असेल. माहीत असूनही दर वेळी थांबून फोटो फिरवून बघायचा कंटाळा येत नसेल, तर तू या कामासाठी घडलेली आहेस असं मी म्हणेन. गच्चीवर पळायचीस त्यापेक्षा मला हे महत्त्वाचं वाटतं.

आणि न दिसलेल्या गोष्टीचं ओझंही या कामात असतं. कारगिलची घुसखोरी १९९९ च्या मे महिन्याच्या सुरुवातीला आधी कळली ती मेंढपाळांकडून. त्यानंतर टेहळणीला गेलेल्या हवाई दलाच्या कॅनबेरा विमानाला २१ मे रोजी क्षेपणास्त्र लागलं, आणि वैमानिकाने एका इंजिनावर ते श्रीनगरला आणून उतरवलं. का, तर वरून फोटो हवे होते म्हणून. पुढे संरक्षणतज्ज्ञ के. सुब्रह्मण्यम यांच्या अध्यक्षतेखालच्या कारगिल आढावा समितीने गुप्तवार्तेतल्या उणिवांवर बोट ठेवलं, आणि २००२ मध्ये तिन्ही दलांसाठी डिफेन्स इंटेलिजन्स एजन्सी उभी राहिली. हे अशासाठी सांगते, की तिथे तुझ्या हाताखालच्या चित्रासाठी कुणीतरी जीव धोक्यात घातलेला असतो, आणि ते चित्र बघून ज्येष्ठ अधिकाऱ्याला न आवडणारी गोष्टही तुला तोंडावर सांगावी लागते. ‘मला इतकं दिसलं, एवढ्याची खात्री आहे, पुढचा माझा अंदाज आहे.’ दादा म्हणायचा, नव्या पोरांना या तीन गोष्टी वेगळ्या करून बोलायला शिकवण्यातच वर्ष जातं.

एक मात्र आत्ताच समजून घे. निवड झाली म्हणजे इंटेलिजन्स मिळालं असं नाही. भरतीच्या फॉर्मवर शाखा असतात त्या फ्लाइंग, टेक्निकल, ॲडमिनिस्ट्रेशन, लॉजिस्टिक्स, अकाउंट्स, एज्युकेशन, हवामान अशा, आणि २०२२ मध्ये जाहीर झालेली वेपन सिस्टिम्स. इंटेलिजन्सचं काम बहुतेकांच्या वाट्याला पुढे नेमणुकीने आणि कोर्सने येतं. कदाचित तुला चार वर्षं भांडार सांभाळावं लागेल. ते चालणार नसेल तर मैसूरला जाऊ नकोस. चालणार असेल तर मुलाखतीत तसं मोकळेपणाने सांग.

आता ‘ऑफिसचं ट्रेनिंग’. इथे मी तुझ्या बाजूची नाही.

मैसूरला पहिल्या दिवशी बुद्धिमत्तेची चाचणी होते. मग तीस सेकंद एक चित्र दाखवतात, त्यावर चार मिनिटांत गोष्ट लिहायची आणि गटात बोलायचं. कित्येक मुलं त्याच दुपारी बॅग उचलून परत जातात. जी राहतात त्यांची मानसशास्त्राची परीक्षा होते. साठ शब्द, प्रत्येकाला पंधरा सेकंद; शब्द वाचल्याबरोबर मनात येईल ते लिहायचं. आणि शेवटी स्वतःबद्दल लिहायचं असतं. त्यात पहिलाच मुद्दा असतो, तुझे आईवडील तुझ्याबद्दल काय म्हणतात. तू काय लिहिणार आहेस तिथे? कर्वेनगरात तुझी आई समजतेय की पोरगी ऑफिसच्या ट्रेनिंगला गेलीय, आणि तू मैसूरच्या त्या खोलीत बसून लिहिणार की आईबाबांचा माझ्यावर पूर्ण विश्वास आहे? पंधरा मिनिटंच मिळतात, त्यात हे टोचत राहील. ते टोचणं लिहिण्यात उतरतं आणि मुलाखतीत बोलण्यातही उतरतं. पाच दिवस तीन वेगवेगळी माणसं तुला तीन बाजूंनी बघत असतात, आणि शेवटी एकत्र बसून ताळा करतात.

पण पकडली जाशील म्हणून खोटं बोलू नकोस, असं मी म्हणत नाहीये. दादाचंच सांगते.

लग्नाला वर्ष झालं नव्हतं. तो दहा दिवस बाहेर होता आणि जाताना वहिनीला म्हणाला होता, कोर्सला चाललोय. तळावरच्या बायकांच्या हळदीकुंकवात दुसऱ्या एका अधिकाऱ्याच्या बायकोने सहज विचारलं, ‘तुमचेही तिकडेच गेलेत ना?’ वहिनीचा चेहरा पडला. दादा परत आला तेव्हा तिने आठ दिवस त्याच्याशी शब्द काढला नाही. कुठे गेला होता हे तिला आजही माहीत नाही, आणि त्याचं तिला काही वाटत नाही. आपल्याला कोर्सची गोष्ट रचून सांगितली, हे तिला लागलं. तेव्हा तिने विचारलं, ‘तू काय करतोस हे मला कधीच कळणार नाही का?’ दादा म्हणाला, ‘नाही. पण यापुढे मी तुला खोटंही सांगणार नाही.’ मग शेवटपर्यंत त्यांच्या घरात एकच वाक्य होतं: ‘सांगता येत नाही.’

ते वाक्य मी स्वतः ऐकलंय. १९९९ च्या गणपतीत तो सुटीवर आला होता. कारगिल नुकतंच संपलेलं, घर माणसांनी भरलेलं, आणि जो तो त्याच्याभोवती. आमचे एक काका सोडेचनात, तिकडे नक्की काय झालं रे? दादा दूर्वांच्या जुड्या करत होता. एकवीस मोजल्या, दोरा गुंडाळला, जुडी तबकात ठेवली आणि म्हणाला, ‘काका, ते सांगता येत नाही. बाकी काहीही विचारा.’ आवाज चढला नाही की गूढपणाचा आव आणला नाही. काकांनी मग पगार विचारला, तो त्याने सांगितला.

त्याची पत्रं यायची तीही तशीच, पत्ता म्हणून फक्त ५६ एपीओ, म्हणजे सैन्याचं टपाल कार्यालय. आई लिहायची, थंडी आहे का रे तिकडे? याचं उत्तर यायचं, स्वेटर मिळाला.

तेव्हा त्या मुलाला सांग, ‘कामाचं कळणार नाही. बाकी माझं सगळं कळेल, आणि मी तुझ्याशी खोटं बोलणार नाही.’ गोपनीयतेचा कायदा १९२३ पासूनचा आहे आणि तो नवऱ्याबायकोलाही सूट देत नाही, हेही सांग. माझ्या वहिनीला हे जमलं, पण सोपं गेलं असं ती कधीच म्हणाली नाही. दिवसभराचं मनातलं संध्याकाळी घरी बोलून मोकळं होता येत नाही, आणि त्याने घरातली संध्याकाळ जड होते. नेमणूक कुठेही होईल, त्याची नोकरी तुझ्यामागे हलणार नाही. त्याला विचार करायला वेळ दे. त्याने नाही म्हटलं तर वाईट वाटेल, पण त्याला दोष देऊ नकोस.

साखरपुड्याच्या तारखेआधी दोन्ही घरी एक नियमही सांगावा लागेल. पंचवीसच्या आतला उमेदवार अविवाहित असावा लागतो. अर्ज केल्यानंतर मध्येच लग्न केलं तर निवड होऊनही जागा जाते, आणि प्रशिक्षणाच्या काळात लग्नाला परवानगी नाही. हैदराबादजवळ डुंडीगलच्या अकादमीत जमिनीवरच्या शाखांचं प्रशिक्षण साधारण वर्षभराचं असतं. म्हणजे लग्नाचा मुहूर्त दीडदोन वर्षं तरी पुढे. हे साखरपुड्यानंतर कळलं तर त्या घराचीही फसवणूक होईल.

बाबा बँकेतले आहेत, त्यामुळे राग ओसरला की आकड्यांवर येतील. तेव्हा तयार राहा. फ्लाइंग ऑफिसरचं, म्हणजे नव्या अधिकाऱ्याचं, सुरुवातीचं मूळ वेतन ५६,१०० रुपये, वर १५,५०० रुपये मिलिटरी सर्व्हिस पे, भत्ते वेगळे. शॉर्ट सर्व्हिस कमिशन, म्हणजे ठरावीक मुदतीची अधिकाऱ्याची नोकरी, दहा वर्षांचं, पुढे चार वर्षं वाढू शकतं. कायमचं कमिशन जागा आणि गुणवत्तेवर अवलंबून. ते मिळालं नाही तर चौदा वर्षांना पेन्शन नाही, ग्रॅच्युइटी मिळते. म्हणजे चाळिशीच्या आसपास तुला नवी नोकरी शोधावी लागेल. हे तू स्वतःहून सांगितलंस तर ते तुला लहान पोर समजणार नाहीत.

आणि बाईमाणसाचं काम नाही, असं कुणी म्हणालं तर कॉन्स्टन्स बॅबिंग्टन स्मिथची गोष्ट सांग. दुसऱ्या महायुद्धात ती ब्रिटिश हवाई दलाच्या महिला विभागात अधिकारी होती, भिंग लावून हवाई फोटो बघायची. १९४३ च्या नोव्हेंबरात घेतलेल्या जर्मनीतल्या पीनेमुंडेच्या एका फोटोत तिला तिरक्या रॅम्पवर उभं केलेलं इवलंसं विमान दिसलं. ते जर्मनांचं व्ही-१ हे उडतं अस्त्र होतं. लंडनवर ती अस्त्रं पडायला लागली १९४४ च्या जूनमध्ये. आपल्याकडेही नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीपासून मुली हवाई दलाच्या जमिनीवरच्या शाखांत अधिकारी होत आल्या आहेत आणि २०१६ पासून लढाऊ विमानंही चालवतायत.

रविवारी सकाळी, चहा झाल्यावर, पेपर हातात घेण्याआधी बाबांशी बोल. प्रस्तावना करू नकोस, आईला मध्यस्थ करू नकोस. ‘बाबा, मी तुम्हाला न सांगता परीक्षा दिली आणि ट्रेनिंगचं खोटं सांगून मैसूरला जाणार होते. तसं जाणार नाही,’ एवढं म्हण आणि कॉल लेटर त्यांच्यापुढे ठेव. ते चिडतील. चिडू देत. तू चष्मा आणून त्यांच्या हातात दे आणि त्यांचं वाचून होईपर्यंत तिथेच बस.