निवृत्त युद्धनौकेवर मुलांना एका रात्रीच्या मुक्कामाला नेता येईल का?

तुम्ही विचारलंय की पुण्यातल्या तुमच्या गटातली बारा ते सोळा वर्षांची पंचवीसेक मुलं निवृत्त युद्धनौकेवर रात्रीच्या मुक्कामाला न्यायची आहेत. तशी सोय आपल्याकडे आहे का आणि एवढा खटाटोप करण्यासारखं त्यात काही आहे का? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. आहे, पण मुलांना रात्रीचा पहारा देणार असाल तरच. नुसतं वेगळ्या ठिकाणी झोपायचं असेल तर दिवसाची सहल पुरे.

नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही काही वर्षं लंडनला होतो. लेक तिथल्या स्काउट गटात होती आणि त्या गटाबरोबर सोबतीची पालक म्हणून मी ‘एचएमएस बेलफास्ट’वर एक रात्र राहिले. ब्रिटिश नौदलाची ही क्रूझर, म्हणजे मोठी वेगवान युद्धनौका, १९३८ साली पाण्यात उतरली. १९४३च्या डिसेंबरात, उत्तरेकडच्या न संपणाऱ्या काळोखात, ‘शार्नहोर्स्ट’ ही जर्मन युद्धनौका बुडवणाऱ्या ताफ्यात ती होती. पुढच्या जूनमध्ये नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर तिने तोफा डागल्या. १९७१पासून ती टेम्स नदीत, टॉवर ब्रिजच्या शेजारी, संग्रहालय म्हणून तरंगते आहे. शाळा आणि स्काउटच्या गटांना तिथे रात्री राहू देत. मुलं खलाशांच्याच एकावर एक टांगलेल्या अरुंद बंकवर झोपायची.

संध्याकाळचे दोन तास मुलं तोफा, इंजिन रूम, स्वयंपाकघर बघत धावत होती आणि खरं सांगायचं तर त्यांच्या डोक्यात फारसं काही शिरत नव्हतं. खरी नौका दिवे मंद झाल्यावर कळायला लागली. गटाच्या सरांनी दोन-दोन मुलांच्या जोड्या केल्या होत्या. प्रत्येक जोडीने अर्धा तास जागं राहायचं, झोपलेल्यांवर लक्ष ठेवायचं, जे ऐकू येईल ते वहीत लिहायचं आणि पुढच्या जोडीला उठवून झोपायचं. माझ्या लेकीची पाळी रात्री दोनला आली. तिने लिहिलं होतं, ‘कुठेतरी लोखंड कुरकुरतंय. कोणीतरी घोरतंय. भिंत गार आणि ओली आहे.’ ती ओल म्हणजे माणसांच्या श्वासाची वाफ. थंड पोलादाला लागून तिचं पाणी होतं. लढाईच्या काळात उत्तरेच्या समुद्रात शेकडो माणसं अशाच ओल्या भिंतींच्या आत झोपत होती, हे तिला हात लावून कळलं. फलकावर वाचून कळलं नसतं.

सकाळी आणखी एक गोष्ट झाली. नौकेवरून धक्क्याकडे जाणारा पूल आदल्या संध्याकाळपेक्षा वेगळ्याच उतारावर होता. टेम्सला समुद्राची भरती-ओहोटी लागते आणि त्या भागात पाणी सहा-सहा मीटरही चढतं-उतरतं. आम्ही झोपलो असताना सगळी नौका आम्हाला घेऊन वरखाली झाली होती. मुळा-मुठेच्या काठी वाढलेल्या मला नदीत भरती येते हे नुसतं ऐकून माहीत होतं.

आता आपल्याकडचं. मुंबईत ‘विक्रांत’ ही जुनी विमानवाहू नौका होती. १९७१च्या युद्धात तिच्यावरून उडालेल्या विमानांनी चितगाव आणि कॉक्स बझारवर हल्ले केले होते. १९९७ला ती सेवेतून निघाली, २००१पासून संग्रहालय म्हणून लोकांना बघायला मिळाली, २०१२ला सुरक्षेच्या कारणाने बंद झाली आणि २०१४ला तोडायला गेली. खाऱ्या पाण्यात उभी असलेली नौका खालून सतत गंजत असते. तिला ठरावीक काळाने कोरड्या गोदीत घेऊन दुरुस्त करावं लागतं आणि एवढ्या मोठ्या विमानवाहू नौकेसाठी तो खर्च प्रचंड असतो. मला आजही त्याचं वाईट वाटतं. पुण्याहून तीन-चार तासांवर एवढी नौका होती आणि आपल्या मुलांना ती आता फक्त फोटोत दिसते.

सध्या पुण्याहून जमण्यासारख्या मी दोन जागा सांगेन. एक विशाखापट्टणमची ‘कुरसुरा’ पाणबुडी. १९६९ साली नौदलात आली, २००१ला निवृत्त झाली, २००२पासून तिथल्या रामकृष्ण बीचवर संग्रहालय म्हणून आहे. कोणार्क एक्सप्रेस पुण्यावरून जाते, पण प्रवास जवळजवळ दिवसभराचा. दुसरी कारवारची ‘चपळ’. दोन्ही पाण्याबाहेर काढून जमिनीवर ठेवल्या आहेत, म्हणून त्या विक्रांतपेक्षा सांभाळायला सोप्या. दोन्ही दिवसा बघायच्या जागा आहेत, आत मुक्काम करता येत नाही. तेव्हा मुक्काम किनाऱ्यावर करायचा आणि नौकेवरचा पहारा किनाऱ्यावर आणायचा. आम्ही कोथरूडच्या आमच्या गटातली अठरा मुलं घेऊन कारवारला हेच केलं.

‘चपळ’ ही क्षेपणास्त्र नौका, जेमतेम ३९ मीटर लांब. तिच्यावर चार क्षेपणास्त्रं असत. तिथे बरेच जण मुलांना सांगतात की हिनेच कराची पेटवली. तसं नाही. ४ डिसेंबर १९७१च्या रात्री कराचीवर गेल्या त्या ‘निपात’, ‘निर्घात’ आणि ‘वीर’. ‘चपळ’ नौदलात आली १९७६ला, त्याच घराण्यातली सुधारित नौका म्हणून. हा फरक मुलांना आधीच सांगा. खरी गोष्ट कमी रोमांचक नाही. एवढ्याशा बोटी स्वतःच्या किनाऱ्यापासून इतक्या लांब शत्रूच्या बंदरापर्यंत गेल्या, हे ‘चपळ’च्या डेकवर उभं राहून तिची लांबी पावलांनी मोजली की अंगावर येतं. आमच्या मुलांनी मोजली. मग त्यांनीच विचारलं की एवढ्या जागेत माणसं झोपत कुठे, जेवत कुठे. पहाऱ्याचा विषय काढायला मला याहून चांगली वेळ मिळाली नसती.

जहाजावर दिवसाचे चार-चार तासांचे पहारे असतात. संध्याकाळी चार ते आठ हा पहारा मात्र दोन-दोन तासांचे दोन तुकडे करून वाटतात. त्यामुळे दिवसाचे सहाऐवजी सात पहारे होतात आणि त्याच माणसांवर रोज मध्यरात्रीची पाळी येत नाही. दर अर्ध्या तासाला घंटा, पहिल्या अर्ध्या तासाला एक टोल, मग दोन, असं करत पहारा संपताना आठ. आमच्या मुलांनी हे गणित जेवणानंतर कागदावर स्वतः मांडून पाहिलं आणि सात पहाऱ्यांची युक्ती कळल्यावर टाळ्या वाजवल्या. घंटा म्हणून आम्ही देवघरातली पितळी घंटी नेली होती, ती अलगद वाजवायची, झोपलेल्यांना जाग येऊ द्यायची नाही.

मुक्कामाला हॉल असा निवडा की व्हरांड्यातून समुद्र दिसेल. पहारा व्हरांड्यातच, पुळणीवर कोणीही उतरायचं नाही, आणि प्रत्येक जोडीबरोबर एक मोठं माणूस जागं. यात तडजोड करू नका. टॉर्चला लाल जिलेटिन कागद लावा. अंधाराला डोळे सरावायला वीस-तीस मिनिटं लागतात आणि पांढऱ्या उजेडाने ते सगळं क्षणात जातं, लाल उजेडाने फारसं जात नाही. वहीत वेळ, वारा कुठून येतोय, पाणी कुठवर आलंय आणि कोणते दिवे दिसतात, एवढंच लिहायचं. कारवारसमोरच्या बेटावर दीपगृह आहे. त्याची उघडझाप किती सेकंदांनी होते ते प्रत्येक जोडीने मोजलं आणि आधीच्या जोडीच्या आकड्याशी ताडून पाहिलं. मासेमारीच्या होड्यांचे दिवेही दिसतात. जहाजाच्या डाव्या अंगाला लाल आणि उजव्या अंगाला हिरवा दिवा असतो, एवढं मुलांना सांगून ठेवलं तर ती त्या ठिपक्यांवरून होडी कुठे चाललीय ते सांगायला लागतात.

आमची एक चूक झाली. पहिल्या दिवशी रात्रभराच्या बस प्रवासानंतर लगेच नौका, मग किनारा, मग खेळ असं सगळं कोंबलं. रात्री दोन जोड्या पहाऱ्यावर बसल्या बसल्या झोपल्या आणि मला त्यांना उठवताना फार वाईट वाटलं. तुम्ही दुपारी मुलांना दोन तास सक्तीने झोपवा.

नौकेवर जाताना चपला नकोत, पायाला घट्ट बसणारे बूट हवेत. उभ्या शिडीवरून उतरताना तोंड शिडीकडेच ठेवायचं. दाराच्या चौकटी बुटक्या असतात, उंबरे उंच असतात. आमच्या एका उंच मुलाला कपाळावर टेंगूळ आलं, तेव्हा प्रथमोपचाराची पेटी बसमध्ये न ठेवता हातात ठेवा.

पाळ्या वाटताना मध्यरात्र ते चार हा पहारा मोठ्या मुलांना द्या आणि पहाटेचा सगळ्यात लहानांना. कारवारला सूर्य मागच्या डोंगरातून येतो. त्यामुळे उजेड आधी लांबच्या समुद्रावर आणि त्या बेटावर पडतो आणि किनारा बराच वेळ सावलीत असतो. आमच्या बारा वर्षांच्या दोघींनी हे वहीत लिहिलं आणि बाकीच्यांना उठवायची वेळ झाल्यावर आठ टोल दिले.