दुसऱ्यांचा जोश बघून माझाच राग येतो

ताई, मी 36 वर्षांची, राहते ऐरोलीत, नोकरी महापेला. ऑफिसमधली मैत्रीण पहाटे पाचला उठून पाम बीच रोडला पळते, रविवारी ट्रेक. तिला बघून, धबधब्यांचे रील्स बघून दहा मिनिटं भारी वाटतं, मग स्वतःचाच राग येतो. माझ्यात काही कमी आहे का?
– थकलेली

अगं, आधी हिमोग्लोबिन, थायरॉइड आणि बी-12 तपासून घे, या आठवड्यातच. आपल्या बायका वर्षानुवर्षं थकवा अंगावर काढतात आणि त्याला आळस म्हणतात, मला फार वाईट वाटतं त्याचं.

आता रील्सचं. खारघरचा पांडवकडा शंभर मीटरच्या वरून कोसळतो, तो वीतभर स्क्रीनवर बघून काय होणार, तो आवाज छातीत वाजायला हवा ना. (अगदी खाली जाऊ नको हं, माणसं वाहून गेलीयत तिथे, लांबूनच बघ.)

पण तुझं खरं दुखणं मला वेगळंच वाटतं. मी बेलापूरच्या दिवाळे कोळीवाड्यातून मासे घेते, तिथे एक मावशी आहेत, एका हाताने कोलंबी सोलतात, दुसऱ्याने पैसे मोजतात, तोंडाने तिघींशी भाव करतात, नुसतं बघूनच तरतरी येते. तर एका दिवशी गेले तर मावशी पाय पसरून भिंतीला टेकलेल्या, पाटीत थोडेसेच बोंबील. मी विचारलं बरं नाही का, तर म्हणाल्या, "आज भांग हाय गो, म्हावरा कुठला?" अमावस्या-पौर्णिमेला उधाण, पाण्याला ओढ जबरदस्त, डोलीची, म्हणजे प्रवाहात बांधून ठेवलेली, जाळी भरतात. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती, पाण्याला जोरच नसतो, मग जाळी किनाऱ्यावर आणतात, वाळवतात, फाटलेली शिवतात. त्याचा कोणी राग धरत नाही गं, कॅलेंडरमध्येच धरलेलं असतं ते.

तुझ्या मैत्रिणीचं तू फक्त उधाण बघतेस. तिला एकदा विचार, तुझे भांगाचे दिवस कसे जातात, आणि ती सांगेल ते नीट ऐक. मग दोघी मिळून एखाद्या पौर्णिमेला भरतीची वेळ बघून खाडीवर जा, पळायला नको, नुसतं उभं राहायचं, तिवरांची चिखलातून वर आलेली मुळं एकेक करून पाण्याखाली जाताना दिसतात. आणि रिपोर्ट आले की मला कळव.