व्हीबी-अ‍ॅक्सेसमधलं सॉफ्टवेअर सर्व्हरवर ठेवून ग्राहकांना देता येईल का?

व्हिज्युअल बेसिकमध्ये लिहिलेलं आणि अ‍ॅक्सेस डेटाबेस वापरणारं तुमचं हिशेबाचं सॉफ्टवेअर आज ग्राहकांच्या ऑफिसात लॅनवर, म्हणजे ऑफिसातल्या नेटवर्कवर चालतं. ते सर्व्हरवर ठेवून पंधरा जणांना बाहेरून वापरता येईल, की वेब अ‍ॅप नव्याने लिहावं लागेल, असं तुम्ही विचारलंय.

येईल. आम्ही तेच केलं.

मात्र व्हीपीएनवरून, म्हणजे इंटरनेटवरून नेटवर्कला जोडणाऱ्या खासगी मार्गाने, अ‍ॅक्सेसची फाइल उघडायला देऊ नका. लिहिता लिहिता नेट तुटलं की फाइल बिघडू शकते. ऐन मार्चअखेरीस एका ग्राहकाची नोंद न् नोंद आम्ही पुन्हा केली आहे. प्रोग्राम आणि डेटा दोन्ही सर्व्हरवरच राहू द्या, ग्राहकाकडे नुसती स्क्रीन जाऊ दे. विंडोज सर्व्हरच्या रिमोट डेस्कटॉप सर्व्हिसेसमध्ये ही सोय आहे. रिमोटअ‍ॅप वापरलंत तर पूर्ण डेस्कटॉपऐवजी फक्त तुमच्या सॉफ्टवेअरची विंडो दिसते.

खरं काम तुमच्या कोडमध्ये आहे. लॅनवर प्रत्येकाचा संगणक वेगळा असतो, इथे सगळे एकाच संगणकावर बसतात. आमचा प्रोग्राम संगणकाच्या नावावरून व्हाउचर लॉक करायचा. सर्व्हरवर ते नाव सगळ्यांचं एकच! दोघींनी एकच व्हाउचर उघडलं आणि पहिलीची दुरुस्ती पुसली गेली. लॉक लॉगिनच्या नावावर न्या. रिपोर्टची तात्पुरती फाइल सी ड्राइव्हवर ठरावीक नावाने बनत असेल तर एकाचा ताळेबंद दुसऱ्याच्या प्रिंटरवर निघेल, आणि तो दुसरा वेगळ्याच कंपनीचा असेल. ती फाइल आणि सेटिंग्ज ज्याच्या त्याच्या प्रोफाइलमध्ये ठेवा. प्रत्येक ग्राहकाच्या डेटाचं फोल्डर वेगळं, परवानग्याही वेगळ्या.

लायसन्सचं आधी बघा. मुळात सर्व्हरवर प्रशासनापुरती दोनच सेशन्स मिळतात. रिमोट डेस्कटॉप सर्व्हिसेस बसवल्यावर १२० दिवसांची सवलत असते. ती संपली की लायसन्सशिवाय कोणी आत येऊ शकत नाही. तुम्ही बाहेरच्या ग्राहकांना सेवा विकताय, तेव्हा होस्टिंगवाल्याकडून एसपीएलए (सेवा पुरवणाऱ्यांसाठीचा मायक्रोसॉफ्टचा करार) खालची लायसन्स महिन्याच्या भाड्याने घेणं सरळ पडतं.

रिमोट डेस्कटॉपचा ३३८९ पोर्ट इंटरनेटवर उघडा ठेवू नका. रिमोट डेस्कटॉपमधल्या २०१९च्या ब्लूकीप या त्रुटीमुळे पासवर्डशिवाय आत शिरता येत होतं. मध्ये रिमोट डेस्कटॉप गेटवे लावून ४४३ या सुरक्षित वेबच्या पोर्टवरून येऊ द्या, वर ओटीपी ठेवा.

पहिल्या ग्राहकाला लॉगिन देण्याआधी स्वतः दोन लॉगिनमधून एकच व्हाउचर उघडा, दोन्हीकडून सेव्ह करा, दोन्हीकडून प्रिंट द्या.