सुलेखन मंडळात जाऊन जुनी हस्ताक्षरं वाचायला शिकता येतात का? माझं अक्षर वाईट आहे, चालेल का?

शिकता येतात. आणि अक्षर वाईट असलं तरी काही बिघडत नाही. पण तुम्ही पुढे लिहिलंय की "मला फक्त घरातली मोडी कागदपत्रं वाचायची आहेत, बोरू-शाईच्या भानगडीत पडायचं नाही", आणि त्यासाठीच मी हे उत्तर लिहायला बसले. या एका वाक्यावरून आमच्या मंडळात मी चार वर्षं भांडते आहे.

मंडळ साधंच आहे. महिन्यातून एकदा पंधरा-वीस जण जमतो. पहिल्या तासात ज्याने जे काढलं असेल ते टेबलावर मांडायचं. कुणी कट निबने एखादी ओवी लिहून आणतं, कुणी ब्रशने एकच भलंमोठं अक्षर. एकमेकांचं बघायचं, चूक दिसली तर तोंडावर सांगायची. दुसरा तास मोडीचा, म्हणजे मराठीच्या जुन्या जोडून लिहायच्या लिपीचा, आणि तिथे दोन तट पडतात. आमच्यातले सर्वांत जाणते गृहस्थ, ज्यांची उभी हयात दप्तरं वाचण्यात गेली, म्हणतात की अक्षर घटवणं, म्हणजे पुन्हा पुन्हा गिरवणं, हा चित्रकारांचा छंद. वाचायचं असेल तर मुळाक्षरांचा तक्ता पाठ करा आणि वाचत सुटा. मी म्हणते, गिरवल्याशिवाय मोडी कळतच नाही. त्यांच्या वाचनाबद्दल मला आदर आहे. या बाबतीत मात्र ते चुकतात.

आईच्या माहेरी पत्र्याच्या ट्रंकेत एक कागद होता, शके १८०३ चा, म्हणजे १८८१ सालचा. आईच्या पणजोबांनी गावातल्या सावकाराकडून घेतलेल्या कर्जाचा. घरात पिढ्यान् पिढ्या एवढंच सांगत आले की पणजोबांनी ते बुडवलं. आईला हा विषय निघालेला आवडत नसे. मी कागदाची झेरॉक्स घेऊन मंडळात गेले. जाणत्यांनी पाच मिनिटांत सगळा वाचला, शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं आणि म्हणाले, "हे बघा. ऐवज पावला नाही. तक्रार. पुढचा तुकडा फाटलाय. म्हणजे पैसे मिळाले नाहीत, सावकाराची तक्रार आहे." सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली.

मोडीत आधी ओळभर आडवी रेघ ओढून घेतात आणि मग अक्षरं तिला लटकवत जातात. हात शक्यतो उचलायचा नाही. त्यामुळे शब्द कुठे संपला हे डोळ्यांना दिसत नाही. मधे मोकळी जागा नाही, विरामचिन्ह नाही. कागदावर होतं ते एवढंच: ऐवजपावलानाहीतक्रार.

घरी आल्यावर चैन पडेना. मूळ कागद समोर ठेवला, बोरूची लेखणी तासली आणि ती ओळ जशीच्या तशी उतरवू लागले. पहिल्या दोन वेळा अक्षरं नुसती चितारली गेली. तिसऱ्या-चौथ्या वेळी हात वाहू लागला तेव्हा लक्षात आलं की आठ-दहा अक्षरांनंतर बोरू कोरडा पडतो आणि दौतीकडे हात जातो, पण तो कुठेही जात नाही. बोलणं जिथे पुरं होतं तिथे जातो. मग मूळ ओळ खिडकीजवळ नेऊन पाहिली. 'पावला'मधला 'ला' फिका, कडा खरखरीत, शाई संपत आलेली. पुढचा 'ना' काळाकुळकुळीत. लिहिणारा तिथे थांबला होता. त्याने बोरू बुडवला होता. ऐवज पावला. नाही तक्रार.

झेरॉक्समध्ये ही दोन्ही अक्षरं सारखीच काळी होती.

आईला फोन केला. तिने ती ओळ माझ्याकडून दोनदा वाचून घेतली आणि मग बराच वेळ काही बोलली नाही.

पुढच्या बैठकीत हे मांडलं तर जाणते म्हणाले, "योगायोग." मी कागद उलटा करून दाखवला. पाठीमागे कोपऱ्यात बारीक अक्षरात 'भरून पावलो' आणि खाली सावकाराची सही. त्यावर त्यांचं उत्तर असं की पाठ आधीच बघितली असती तर हा सगळा खटाटोप लागलाच नसता. पण कागद उलटावा असं कुणाच्या मनात आलं होतं का? त्यांच्याही नाही. ओळ वाचून झाली होती ना! माझा हात अडला म्हणून मी उलटा केला.

जुन्या कागदांचे देवनागरीत छापलेले संग्रह वाचून मोडी येते असं मानणाऱ्यांनाही हेच सांगते. छापताना संपादकाने शब्द कुठे तोडायचा ते ठरवून टाकलेलं असतं, तुम्ही फक्त त्याचा निर्णय वाचता. मोडीला २०१४ पासून युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकाच्या अक्षरयादीत, जागा आहे, ही चांगली गोष्ट आहे. पण फॉन्टमध्ये आपलं नाव टाइप करून फ्रेम केलं की मोडी आली असं नव्हे. फॉन्टमध्ये अक्षराचं बहुधा एकच रूप असतं. शिवकालीन, पेशवेकालीन आणि आंग्लकालीन वळणं शेजारी शेजारी ठेवून पाहा, एकाच अक्षराची ओळख पटायला वेळ लागेल. तुमचे कागद बहुधा इंग्रजी अमदानीतले असतील, तेव्हा आधी तेच एक वळण घटवा. मोडी ही कारकुनांची भरभर लिहायची लिपी. सुंदर अक्षर लागत नाही, न थांबणारा हात लागतो.

रीतसर शिकायचं तर राज्याचं पुराभिलेख खातं मोडीचे वर्ग घेतं. पुण्यात १९१० साली स्थापन झालेलं भारत इतिहास संशोधक मंडळ आहे. जुने कागद म्हणजे काय हे तिथे गेल्यावर कळतं. सुलेखन मंडळ त्याची जागा घेणार नाही, हेही खरं. आणि निव्वळ शाईच्या फिकेपणावरून अर्थ लावू नका. बोरू शब्दाच्या मधेही संपतो, दमट जागी शाई उडते. मला तिने फक्त शंका दिली, खात्री पाठीमागच्या सहीने केली. मूळ कागद बैठकीत हातोहात फिरवू नका, चिकटपट्टी लावू नका, लॅमिनेट तर मुळीच करू नका. फोटो न्या, रंगीत न्या आणि दोन्ही बाजूंचे न्या.

बोरू मात्र घ्या. आणि पहिल्याच दिवशी कुणी तुम्हाला म्हणालं की लिहायची काही गरज नाही, तर 'ऐवजपावलानाहीतक्रार' एवढी एक ओळ त्यांच्यापुढे ठेवा आणि विचारा, कुठे तोडायची.