घाटात पॉवर स्टिअरिंग गेलं तर?

प्रश्न : सर, जुलैत कराडहून चिपळूणला येताना कुंभार्ली घाटात आमच्या गाडीचं स्टिअरिंग एकदम दगडासारखं जड झालं. बॉनेटमधून फट्‌कन आवाज आला, बॅटरीचा लाल दिवा लागला आणि पुढच्या वळणावर स्टिअरिंग फिरेचना. आई मागे बसलेली, धो धो पाऊस, समोरून ट्रक. कशीबशी दोन्ही हातांनी ओढून डावीकडे थोडी जागा होती तिथे गाडी घेतली, चाकापुढे दगड लावले. मेकॅनिक म्हणाला बेल्ट तुटलाय, मग गाडी टो करून आणली. स्टिअरिंग पूर्ण लॉक होऊ शकतं का? तशीच हळूहळू खाली आणली असती तर चाललं असतं का? बायकोच्या गाडीला इलेक्ट्रिक स्टिअरिंग आहे, तिथे तरी हा धोका नाही ना?
– एक वाचक, चिपळूण

उत्तर : दादा, आधी हे सांगतो की तुम्ही जे केलंत ते बरोबरच केलंत. पॉवर गेली म्हणजे स्टिअरिंग गेलं असं नसतं, मदत करणारा गेला एवढंच. तुमच्या गाडीत ती मदत इंजिनच्या बेल्टवर फिरणारा पंप करतो, बेल्ट तुटला की तो थांबतो. तुमचे हात आणि पुढची चाकं यांच्यामधला रॉड, रॅक सगळं तसंच जोडलेलं असतं, त्यामुळे ताकद लावली की गाडी वळतेच. माणसं घाबरतात ती इथेच, फिरत नाही म्हणून हात सैल सोडतात आणि गाडी सरळ जाते. तेव्हा दोन्ही हात घड्याळातल्या नऊ आणि तीनवर, आणि नुसत्या मनगटाने नाही, खांद्यातून ओढायचं.

अजून एक लक्षात ठेवा, गाडी चालू असताना स्टिअरिंग त्यातल्या त्यात हलकं असतं, जसजशी हळू होईल तसतसं जड होत जातं आणि उभ्या गाडीत तर हलता हलत नाही. म्हणून एकदम ब्रेक मारून जागीच उभं राहायचं नाही, चारी इंडिकेटर एकदम लावून, खालचा गिअर टाकून वेग कमी करायचा आणि गाडी सरकत असतानाच कडेला घ्यायची.

लॉक होण्याचं विचारलंत ते महत्त्वाचं आहे. चालत्या गाडीत घाबरून किल्ली बंद करून बाहेर काढली तर मात्र चोरीसाठी जे लॉक असतं ते लागू शकतं, आणि मग खरंच काही हातात राहत नाही. गाडी थांबेपर्यंत किल्लीला हात लावू नका.

इंजिनच बंद पडलं असेल तर ब्रेकचीही मदत जाते. ब्रेक हलका करणाऱ्या बूस्टरमध्ये दोन-तीन वेळा दाबण्यापुरता व्हॅक्यूम उरलेला असतो, तो पंप मारून संपवू नका, एकदाच जोरात दाबा आणि दाबून धरा. आणि म्हणूनच डिझेल वाचवायला घाटात न्यूट्रल करून, इंजिन बंद करून उतरणारे लोक बघितले की माझा जीव खालीवर होतो, चार रुपयांसाठी ब्रेक आणि स्टिअरिंग दोन्हीची ताकद स्वतःहून घालवायची! गाडी गिअरमध्ये असली की चाकंच इंजिन फिरवत राहतात, म्हणून ही ताकद टिकते.

तशीच खाली आणायची का, तर नाही. बॅटरीचा दिवा लागला म्हणजे त्याच बेल्टवर बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटरही होता, आणि बऱ्याच गाड्यांत इंजिन थंड ठेवणारा वॉटर पंपही त्याच्यावरच असतो. इंजिन तापून त्याचं सिलिंडर हेड गेलं की बेल्टच्या कितीतरी पट खर्च. टोइंग मागवलंत तेच बरं.

हा बेल्ट सहसा एका दिवसात तुटत नाही हो. माझ्या स्वतःच्या गाडीचा गेला होता तेव्हा महिनाभर आधीपासून सकाळी स्टार्ट केली की चीं चीं करायचा, मी उद्या बघू म्हणत राहिलो. गाडी बंद करून, इंजिन थंड असताना बेल्ट किंचित पिळून आतली बाजू बघा, आडव्या बारीक चिरा दिसल्या की बदलून टाका. शेजारच्या छोट्या डबीतलं पॉवर स्टिअरिंगचं ऑइल मिन-मॅक्सच्या मध्ये हवं. सारखं कमी होत असेल तर वरून भरत बसू नका, गळती शोधा.

वहिनींच्या गाडीत स्टिअरिंगला बेल्ट आणि ऑइल नाही, मोटर आहे, पण ती बॅटरीवर चालते. बॅटरी मेली, फ्यूज गेला, सेन्सर बिघडला की तिथेही तेच होतं, मीटरमध्ये स्टिअरिंगचं चित्र आणि उद्गारचिन्ह दिसतं. कधीकधी अरुंद जागेत पार्किंग करताना शेवटपर्यंत पिळून धरल्यावर मोटर तापूनही जड होतं, थांबून थंड झाली की दिवा जातो. गेला तरी दाखवून घ्या.

रविवारी दोघं एखाद्या सपाट रिकाम्या मैदानात जा, इंजिन बंद, किल्ली ऑनवर, एकाने मागून ढकलायचं आणि दुसऱ्याने वळवायचं, ब्रेकही दाबून बघायचा. किती जोर लागतो ते वहिनींच्या हातांना एकदा कळू दे, आणि आई गाडी चालवत असतील तर त्यांच्याही.

आणि हो, चाकापुढे लावलेले दगड टो गाडी आल्यावर बाजूला टाकलेत ना? घाटात तसेच पडलेले दगड रात्री बाइकवाल्याला दिसत नाहीत.