व्हिएन्नाहून एक दिवस ब्रातिस्लाव्हाला जावं का? तिथे बघण्यासारखं आहे काय?

तुम्ही विचारलंय की व्हिएन्नात चार दिवस मुक्काम आहे, त्यातला एक ब्रातिस्लाव्हासाठी काढावा का, की 'तिथे काही नाही' असं लोक म्हणतात ते खरं. बरोबर आई-वडील आहेत, ते शाकाहारी आहेत, आणि त्याच दिवशी पुढे बुडापेस्ट जमेल का, हेही विचारलंय.

जा. 'तिथे काही नाही' म्हणणाऱ्यांपैकी एकांना मी फार जवळून ओळखते. ते माझे थोरले दीर आहेत.

मुलगा नोकरीसाठी व्हिएन्नात असतो. त्याच्याकडे आम्ही दोघं आणि भावजी-जाऊबाई असे गेलो होतो. भावजींनी कराडहून निघतानाच व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या यादीची प्रिंट काढून प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये घातली होती. प्रत्येक ठिकाणापुढे मिनिटं लिहिलेली. किल्ला चाळीस, चर्च दहा, गटारातला माणूस पाच. बघून झालं की खिशातलं पेन काढून टिक करायची.

आधी किल्ल्याचं सांगते, कारण तुम्हीही स्टेशनातून बाहेर पडलात की पहिल्यांदा तिकडेच निघाल. पांढराशुभ्र, चौकोनी, चार कोपऱ्यांना चार बुरूज. तिथले लोकच त्याला उलटं ठेवलेलं टेबल म्हणतात. १८११ साली त्याला आग लागली आणि त्यानंतर जवळजवळ दीडशे वर्षं तो नुसता पडका सांगाडा होता. आज दिसतो तो १९५० नंतर उभा केलेला आहे. आत संग्रहालय आहे. माझ्या मते तिकीट काढून आत जायची काही गरज नाही. वर अंगणापर्यंत जा, तिथून डॅन्यूब बघा, नदीपलीकडच्या पेत्रझाल्का भागातल्या साम्यवादी काळातल्या एकासारख्या एक इमारतींच्या रांगा बघा, आणखी लांब ऑस्ट्रियातल्या पवनचक्क्या दिसतात त्या बघा, आणि खाली या.

भावजींनी अर्थातच तिकीट काढलं. चाळीस मिनिटांच्या जागी तीस मिनिटांत बाहेर आले आणि म्हणाले, "याला म्हणतात किल्ला. सगळं कसं जागच्या जागी. नाहीतर आपलं."

हे 'नाहीतर आपलं' आमच्या घरात फार जुनं आहे. माझी हयात शाळेत इतिहास शिकवण्यात गेली. एकदा सगळं घर रायगडावर गेलं होतं. राजसदरेपाशी उभं राहून भावजी म्हणाले, इथं आहेच काय, नुसती जोती, सरकारनं एकदाचं सिमेंट ओतून सगळं परत उभं करावं, म्हणजे माणसाला कळेल तरी. तेव्हापासून जेवणाच्या ताटावर, लग्नाच्या मांडवात, कुठंही हा विषय निघतो. ह्यांचं धोरण ठरलेलं, भाऊ आणि बायको यांच्या मध्ये पडायचं नाही. मला ज्या जोत्यावर उभं राहिल्यावर काही वाटतं, ते नव्या भिंतीसमोर वाटत नाही. आता हा वाद ब्रातिस्लाव्हात पुन्हा उभा राहील असं कुणाला वाटलं होतं?

पण राहिला, आणि त्याचं कारण ते गावच तसं आहे. आजच्या स्वतंत्र स्लोव्हाकियाच्या राजधानीचं शहर हे झालं १९९३ साली. म्हणून लोकांना वाटतं की कालपरवाचं गाव, याला कसला इतिहास. पण तुर्कांनी हंगेरीत मुसंडी मारल्यावर १५३६ पासून १७८३ पर्यंत हंगेरीच्या राज्याची राजधानी हीच होती. तेव्हा जर्मन लोक याला प्रेसबुर्ग म्हणायचे आणि हंगेरियन लोक पोझोन्य. ब्रातिस्लाव्हा हे नाव १९१९ नंतरचं. १५६३ ते १८३० हंगेरीच्या राजांचे राज्याभिषेक इथल्या सेंट मार्टिन कॅथेड्रलमध्ये व्हायचे. मारिया थेरेसा या राणीचाही इथेच झाला, १७४१ साली. कॅथेड्रलचा मनोरा ८५ मीटर उंच आहे, आणि टोकावर क्रूस नाही, सोन्याचा मुलामा दिलेला मुकुट आहे. अभिषेकानंतर मिरवणूक ज्या रस्त्यांनी जायची, त्या फरसबंदीत जागोजागी पितळेचे छोटे मुकुट बसवलेत. ते हुडकत चाला. आई-वडिलांना मजा येईल, आणि याला तिकीट नाही.

आता भावजींच्या कागदावर नसलेली जागा सांगते. कॅथेड्रलच्या समोर उभे राहा आणि पाठ फिरवा. काही पावलांवरून चक्क हायवे जातो. ट्रक, बस, सगळं. १९७२ साली डॅन्यूबवर नवा पूल झाला, त्याच्या एकाच खांबावर वर तबकडीसारखं रेस्टॉरंट आहे, म्हणून सगळे त्याला यूएफओ म्हणतात. त्या पुलाच्या रस्त्यासाठी जुन्या गावाचा मोठा तुकडा पाडला. ज्यूंची जवळजवळ सगळी जुनी वस्ती त्यात गेली. कॅथेड्रलच्या शेजारीच त्यांचं मोठं प्रार्थनाघर होतं, तेही गेलं. तिथे आता एक काळी दगडी भिंत आहे आणि तिच्यावर त्या इमारतीची आकृती कोरलेली आहे. बाजूनं गाड्यांचा आवाज चालूच असतो. मला विचाराल तर शहरात ही एक जागा चुकवू नका. बाकीचं सगळं फोटोत दिसतं, हे तिथं उभं राहूनच कळतं. आणि हो, राजांचे अभिषेक झाले त्या देवळाच्या दारात हायवे आणणारं आणि जळका किल्ला परत पांढराशुभ्र उभा करणारं साम्यवादी सरकार एकच, हेही मी तिथेच भावजींना ऐकवलं. त्यांनी घड्याळ बघितलं.

बाकी जुनं गाव लहान आहे, आरामात दीड-दोन तासांत फिरून होतं. मायकेल वेशीतून आत शिरा, जुन्या तटाची तेवढी एकच वेस उरली आहे. मुख्य चौकातल्या जुन्या टाउन हॉलच्या बुरुजात नेपोलियनच्या वेळचा तोफगोळा रुतलेला आहे, मान वर करून शोधावा लागतो. त्याच्या मागच्या फिक्या गुलाबी प्रायमेट राजवाड्यात १८०५ साली, नेपोलियननं ऑस्ट्रियाला हरवलं त्या ऑस्टर्लिट्झच्या लढाईनंतरचा तह झाला. भिंतीवरचे कागद काढताना मागे इंग्लंडमध्ये विणलेले जुने भरजरी पडदे सापडले, ते तिथे लावलेत. गटाराच्या झाकणातून डोकं काढून बसलेला तो ब्राँझचा माणूस, चुमिल, १९९७ सालचा आहे. त्याच्यासमोर फोटोसाठी रांग असते. भावजींनी पाच मिनिटं धरली होती, वीस गेली. तुम्ही लांबूनच बघा. निळं चर्च मात्र वाट वाकडी करून बघा, निळा रंग, निळी कौलं, आणि कोपरे सगळे गोल. आत जायला मिळेलच असं नाही, प्रार्थनेच्या वेळा सोडून बहुधा बंद असतं.

दुपारनंतर देवीन. सगळं उत्तर मी खरं तर एवढ्यासाठीच लिहिते आहे.

यूएफओ पुलाखाली बसचा थांबा आहे, तिथून देवीनची बस मिळते. वीस-पंचवीस मिनिटं. भावजी म्हणाले, "पडका आहे ना? मग तो मी रायगडाला बघितलाय." आणि चौकातल्या छत्रीखाली बिअर घेऊन बसले. ह्यांना त्यांच्यासोबत बसणं भागच होतं. मुलगा ऑफिसात. मी निघाले, तर जाऊबाई पर्स उचलून माझ्यामागे. त्यांनी नवऱ्याला विचारलं नाही, सांगितलंही नाही. इतक्या वर्षांत मी हे पहिल्यांदा बघितलं.

देवीन म्हणजे डॅन्यूब आणि मोराव्हा यांच्या संगमावरचा कडा आणि त्याच्यावर उरलेले अवशेष. नवव्या शतकात मोराव्हियाच्या मोठ्या राज्यात इथे गढी होती. १८०९ साली नेपोलियनच्या सैन्यानं सुरुंग लावून किल्ला उडवला, तो तसाच ठेवलाय. जपलाय, पायऱ्या केल्यात, कठडे लावलेत, पण पुन्हा बांधलेला नाही. मधल्या अंगणात ५५ मीटर खोल विहीर आहे. जाऊबाईंनी जाळीतून बाटलीतलं थोडं पाणी आत ओतलं, कान लावून उभ्या राहिल्या, आणि खालून आवाज आल्यावर एकदम हसल्या. मग उरलेली बाटली पण ओतली. पिण्याचं पाणी संपवलं म्हणून मी ओरडले, तर म्हणाल्या, "असू दे हो, परत कधी येणार आहे?"

कड्याच्या टोकाला सुट्या सुळक्यावर एक एवढासा बुरूज आहे, कुमारीचा बुरूज म्हणतात. त्याच्या खाली दोन पाणी मिळतात. आम्ही दोघी कराडच्या, प्रीतिसंगमावर लहानपण गेलेल्या. कृष्णा-कोयना समोरासमोर येऊन भिडतात, तसं इथे नाही. मोराव्हा बाजूनं येते आणि डॅन्यूब तिला घेऊन पुढे जाते. रंगातला फरक थोडा वेळ दिसतो. पलीकडचा काठ ऑस्ट्रिया. इतका जवळ की पोहणारा माणूस जाईल. आणि म्हणूनच साम्यवादी राजवट संपेपर्यंत, म्हणजे १९८९ पर्यंत, खालच्या काठावर काटेरी तारा होत्या, आणि पलीकडे जायच्या प्रयत्नात माणसं मारली गेली. खाली त्यांचं स्मारक आहे, गोळ्यांनी चाळण झालेली काँक्रीटची चौकट. १० डिसेंबर १९८९ रोजी इकडचे हजारो लोक सरहद्द ओलांडून पलीकडच्या हाइनबुर्गपर्यंत चालत गेले होते. जाऊबाईंना मी हे सगळं वर्गात सांगावं तसं सांगितलं. त्या म्हणाल्या, "तुम्ही शाळेत असंच शिकवत होता? मग मला कुणी का नाही शिकवलं?"

परत चौकात आलो तर भावजींनी आमच्या वाटच्या ठिकाणांपुढेही टिक करून ठेवलं होतं. देवीनपुढे कंसात 'महिला' लिहिलं होतं.

खाण्याचं. तिथला मुख्य पदार्थ ब्रिंझोव्हे हालुश्की, बटाट्याचे छोटे गोळे आणि मेंढीच्या दुधाचं खारट चीज. वरून डुकराच्या चरबीचे तळलेले तुकडे घालतात, न सांगता. 'बेझ स्लानिनी' म्हणजे 'ते नको' असं मागवतानाच सांगा, आणि ताट आल्यावर तरी बघून घ्या. आई-वडिलांना अंडं चालत असेल तर 'विप्राझानी सिर', अंड्यात-ब्रेडच्या चुऱ्यात घोळून तळलेलं चीज आणि बटाट्याच्या काड्या, जवळपास सगळीकडे मिळतं. लसणाचं सूप छान असतं, पण मांसाच्या पाण्यात केलंय का विचारा. गोडात खसखशीचं सारण भरलेले चंद्रकोरीच्या आकाराचे रोल घ्या. अंडं चालत नसेल तर तेही विचारा. वडिलांना कोफोला पाजा, साम्यवादी काळात कोकाकोलाऐवजी काढलेलं पेय आहे, आवडेल किंवा अजिबात आवडणार नाही. देवीनच्या गावात रेडकरंटची वाइन मिळते, ती ज्यांना चालते त्यांच्यासाठी.

हे आधीच लिहायला हवं होतं ते आता. संग्रहालयांची आठवड्याची सुट्टी कधी असते ते बघून मगच दिवस ठरवा. कडाक्याच्या थंडीत देवीनचा आग्रह धरू नका. जुन्या गावात फरशी दगडी आणि उंचसखल आहे, आईंच्या पायात चप्पल नको. देवीनला चढ आहे. गुडघे दुखत असतील तर वर नेऊ नका, खालून नदीच्या काठाची वाट सपाट आहे, संगम आणि स्मारक दोन्ही तिथून होतं. व्हिएन्नाहून ट्रेन तासाभराची आहे. पण व्हिएन्नाच्या गाड्या ब्रातिस्लाव्हाच्या दोन स्टेशनांवर जातात, मुख्य आणि पेत्रझाल्का, परतीच्या गाडीचं कुठलं ते बघून ठेवा. तिकीट काढताना त्यात शहरातली बस-ट्राम धरली आहे का ते विचारा. नसेल तर बसमध्ये चढल्याबरोबर तिकीट मशिनमध्ये पंच करा, तपासनीस म्हाताऱ्यांनाही सोडत नाहीत. बोटीनंही जाता येतं, सव्वा ते दीड तास लागतो, ट्रेनपेक्षा महाग आहे. आई-वडिलांसाठी एका बाजूनं बोट करायला माझी हरकत नाही. व्हिसा तोच शेंगेनचा, पैसे युरोच.

बुडापेस्ट त्याच दिवशी जोडू नका. ट्रेननं अडीच तासांच्या आसपास जातात, आणि ते शहर एका संध्याकाळीत उरकायचं नाही. भावजींच्या कागदावर तेही होतं, दुपारी तीननंतर. मुलानं वेळापत्रक दाखवल्यावर त्यांनी पेनानं खोडलं. पण कराडला आल्यापासून ते सगळ्यांना सांगतात की ब्रातिस्लाव्हा दोन तासांत होतं. सकाळी साडेनऊला पोचलो होतो आणि संध्याकाळच्या सातच्या गाडीनं निघालो. मधले तास कुठे गेले, हे मी दिवाळीला सगळे जमले की त्यांना विचारणार आहे. जाऊबाई या वेळी माझ्या बाजूनं आहेत.